कुंदाची शिताफी

आज सकाळी पेपरात कुंदाचं नाव आलं होतं. म्हणजे खरं नाव नव्हे. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बाजारात एका बाईच्या गळ्यातली पोत चोरट्याने ‘मोठ्या शिताफीने’ लांबवल्याची चार ओळींची बातमी होती. आमच्या घरात शिताफी हे कुंदाचं दुसरं नाव. लग्नापासूनचा रिवाजच होता तो. पेपरात हा शब्द दिसला की मी खुर्चीतून ओरडायचो, ‘कुंदे, तुझं नाव आलं!’ आणि ती स्वयंपाकघरातून विचारायची, ‘आज काय आहो मी, चोर का पोलीस?’ कारण पेपरवाले हा शब्द त्या दोघांसाठीच राखून ठेवतात. चोर शिताफीने पळतो, पोलीस शिताफीने पकडतात, बाकी दुनिया जशी काही झोपलेलीच असते. तर आज सकाळी मी चष्मा सावरला आणि तोंड उघडलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मनातला शब्द जिभेवर यायला फार वेळ लागतो, पण ‘कुं’ एवढं निघालं. मग आठवलं की आज तिचा दहावा आहे. केदार आतून धावत आला, ‘काय बाबा, काही पाहिजे का?’ म्हणाला. मी मानेनं नाही म्हटलं, तरी तो पाण्याचा पेला घेऊन आला आणि माझ्या तोंडाला लावून मोकळा झाला.

केदार माझा मुलगा, अकोल्याला वकिली करतो. आई गेल्यापासून इथेच आहे, अमरावतीत, आणि तेरावं झालं की मला अकोल्याला घेऊन जायचं त्याच्या मनात आहे. पोरगा गुणाचा आहे. पेला खाली ठेवला आणि लगेच माझा सदरा घेतला, उजवा हात आधी बाहीत, मग डावा, मग वरून खाली बटणं, टपटप टपटप. मी त्याच्या बोटांकडे बघत राहिलो. बोटं कुंदाचीच, लांबट, टोकाला जरा वाकलेली. माझा उजवा हात मांडीवर मूठ मिटून पडला होता. अंगठा आत, चार बोटं वरून, एखाद्या पोरानं गोळी लपवावी तसा. काल गौरांगचा फोन आला होता. हा गौरांग आमचा गुरुजी, आणि माझाच जुना विद्यार्थी. केदारनं फोन स्पीकरवर ठेवला होता म्हणून मला ऐकू आलं. ‘दादा, पिंडावर सरांनाही तिलांजली द्यायची आहे. पण सरांचा हात चालत नसला तर काही हरकत नाही, त्यांच्या वतीनं तुम्ही द्या.’ केदार लगेच ‘हो हो, मी देतो’ म्हणाला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझं उत्तर निघेपर्यंत फोन ठेवून झाला असता. माझे वडील भिक्षुक होते. ओंजळीतलं तीळ-पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, उजव्याच हातानं, हे मी लंगोटात होतो तेव्हापासून बघत आलो. आणि मला ते द्यायचं होतं. चाळीस वर्षं जिच्या हातचं पाणी प्यायलो तिला एकदा, शेवटचं, माझ्या हातानं पाणी द्यायचं होतं. बाकी काही नको होतं मला आजच्या दिवशी. ‘माझ्या हातानं,’ मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं, आणि केदारनं तोवर माझ्या पायात चपलाही घातल्या होत्या.

गाडी कौंडिण्यपूरच्या रस्त्याला लागली. पुढे केदार आणि सूनबाई मैथिली, मागे मी. दोन्ही बाजूला कपाशी उभी होती, मैथिलीनं काच खाली केली तर ओल्या काळ्या मातीचा वास आत आला, आणि त्या वासासोबत बाळापूर आलं. कुंदा बाळापूरची. आमचं बघणं तिथे झालं, तिच्या काकांच्या घरी. मी नुकता शाळेत मराठी शिकवायला लागलो होतो, म्हणजे जगातला प्रत्येक शब्द आपल्या बापाचा आहे असं वाटायचं वय. ती ट्रे घेऊन बाहेर आली. तेवढ्यात कुणाच्या तरी लेकरानं टेबलावरचं कापड ओढलं आणि पाण्यानं भरलेला तांब्या कलंडला. कलंडला म्हणजे पडलाच होता. आमच्या वडिलांचा ‘अरे अरे’ तोंडातच होता आणि तिनं ट्रे डाव्या हातावर तोलून उजव्या हातानं तो तांब्या हवेतच धरला, उभा, थेंब सांडला नाही. पोहे हलले नाहीत. मग तो जागेवर ठेवून ती खाली मान घालून बसली, जसं काही झालंच नाही. मी मोठ्यानं म्हणालो, ‘काय शिताफी!’ तिचे काका एकदम ताठ झाले. ‘काहून जी,’ ते म्हणाले, ‘आमची पोरगी काय चोर आहे का?’ सगळे हसले, मी लाजेनं लाल झालो, आणि ती खाली मान घालूनच इतकी हसली की खांदे हलत होते. तिथेच ठरलं आमचं. पत्रिका मागाहून पाहिली.

लग्नानंतर तिनं विचारलं होतं, ‘खरं सांगा, म्हणजे काय हो शिताफी?’ आणि मी मास्तर. मला काय, निमित्तच पाहिजे असायचं. म्हटलं, मूळ फारसीतला शब्द, तिकडे नुसती घाई. आपल्याकडे येता येता त्याला हाताचं कसब चिकटलं. म्हणजे असं बघ, चपळाई माकडालाही असते. कसब सुताराला असतं, पण तो दुपारभर एक पाट घासत बसतो. ही दोन एका हातात आली, आणि बघणाऱ्याला कळायच्या आत काम झालं, की ती शिताफी. ती म्हणाली, ‘बघणाऱ्याला काहून कळू द्यायचं नाही? काम तर सगळ्यांसमोर करून राहिली मी.’ मी हसलो. पण खरंच कळायचं नाही. पंगतीत ती वाढायला निघाली की माझं पान भरलेलं असायचं आणि ती चौथ्या पानावर गेलेली असायची. केदार लहानपणी तापात उलटी करायचा तर त्याच्या तोंडाशी पातेलं कुठून यायचं, देव जाणे. मी शाळेत निघालो की छत्री, डबा, खडूनं माखलेला रुमाल धुऊन घडी केलेला, सगळं हातात. मी कधी मागितलं नाही. मागायची वेळच तिनं येऊ दिली नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ‘सर, तुमी नशीबवान आहा, बाप्पा!’ आणि मी मान डोलवायचो. होतोच नशीबवान. कोण नाही म्हणतो?

ह्याच गौरांगनं आठवीत ‘शिताफी’चा वाक्यात उपयोग लिहिला होता: ‘माझ्या काकांनी शिताफीने श्राद्ध उरकले.’ सगळा वर्ग खदखदला. मी त्याला उभं केलं आणि म्हटलं, ‘बाळा, उरकणं आणि शिताफी ह्या दोघी एका घरात नांदत नाहीत. उरकणाऱ्याचं लक्ष शेवटाकडे असतं, शिताफीवाल्याचं लक्ष हातातल्या कामाकडे.’ केवढा शहाणपणा! वर्गात सांगायला काय जातं. घरी येऊन मी कुंदानं समोर ठेवलेला चहा प्यायलो, आणि तो उकळताना तिचं लक्ष कुठे होतं हे पाहायला एकदाही उठलो नाही. आता गाडीत बसून वाटत होतं, की मास्तरकीत मी शब्दाचा अर्थ सांगितला, पण एक बाजू सांगायची राहिली. ज्याच्यासाठी ते काम होतं त्याचं काय होतं, हे कोणत्याच कोशात नाही.

माझं काय झालं ते मला ठाऊक आहे. झटका आला तेव्हा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हात बऱ्यापैकी परत येऊ शकतो, व्यायाम पाहिजे, वापर पाहिजे. मोर्शीची एक मुलगी यायची व्यायाम करून घ्यायला, आचल तिचं नाव. वडिलांचा संत्र्याचा बगीचा, त्यामुळे स्कूटीच्या डिक्कीत बारा महिने संत्रं नाही तर मोसंबं. मोठी खमकी पोरगी. कुंदाला काकू म्हणायची, मला काका, आणि दोघांनाही रागवायची. ‘काका, जोर नका लावू. बोटं ओढायची नाही. मनगट आधी खाली सोडा. मंग अंगठा मुळापासून सोडवा. बोटं येतात आपोआप मागून, गरीब आहेत बिचारी.’ आणि यायची खरंच. पहिल्या काही महिन्यांत माझी मूठ संत्र्याभोवती बसेल एवढी उघडायला लागली होती. आचल ते संत्रं माझ्या हातात ठेवून म्हणायची, ‘आता सोला.’ मी नखानं साल टोचायचो, नख घसरायचं, पुन्हा टोचायचो. ती गेली की मी तसाच बसलेला असायचो, तोंडाला घाम, आणि कुंदा आतून यायची. ‘द्या इकडे.’ संत्रं माझ्या हातून तिच्या हातात, साल एका तुकड्यात निघालेली, फोडी माझ्या तोंडात. ‘एवढं काहून करता? मी आहो नं.’ गोड असायचं संत्रं. मी खायचो. काय वाईट होतं त्यात? तिला माझा त्रास पाहवत नव्हता, मला तिचा हात पाहिजे होता, दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. हात मात्र हळूहळू पुन्हा मिटत गेला. आचलच्या लक्षात आलं तेव्हा ती माझ्यावर नाही, कुंदावर चिडली. ‘काकू, तुमचा हात भारी हुशार आहे, मान्य. पण तुमी काकाच्या हाताले कामच नाही ठेवलं. उद्यापासून सदऱ्याची बटणं काका लावतील. तुमी मधात यायचं नाही. कळलं?’

कुंदाला कळलं होतं. तेच तर सांगायचं आहे मला, कोणाला सांगू? तिला सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सदरा माझ्या अंगात घातला आणि बटणं सोडून पलंगावर समोर बसली. स्वतःचे दोन्ही हात तिनं मांडीखाली घातले, तळवे खाली, त्यांच्यावर बसली. म्हणाली, ‘लावा. मी नाही येत मधात.’ मी खालचं बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. काज सापडेना, काज सापडलं तर बटण आडवं होईना. खिडकीतून ऊन आलं होतं, बाहेर दूधवाल्याची बाई कुणाशी तरी भांडत होती. कपाळावरून घाम नाकावर आला. कुंदाचे दंड थरथरत होते, जसं काही खालून कोणी तिचे हात ओढतंय. डोळ्यांत पाणी जमलं होतं आणि ती ते पुसूही शकत नव्हती, हात अडकवून ठेवले होते ना. बटण अर्धं काजात शिरलं. अर्धं! मी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्या एका क्षणात तिचे हात सुटले. ‘जाऊ द्या नं, चहा थंडा होऊन राहिला,’ म्हणत ती उठली आणि कळायच्या आत गळ्यापर्यंत सगळी बटणं लागली होती. आणि मी हसलो. तीही रडता रडता हसली. ‘झाली नं मी चोर!’ म्हणाली. ‘आचलले सांगू नका.’

मी हसायला नको होतं. एक शब्द पुरला असता. थांब. जड जिभेलाही जमेल एवढा साधा शब्द, मी तो डॉक्टरांना म्हणायचो, आचलला म्हणायचो, रिक्षावाल्याला म्हणायचो. कुंदाला म्हटला असता तर ती थांबली असती. रडली असती, पण थांबली असती. हात मांडीखाली घालून रोज बसली असती माझी बायको. मलाच वाटलं, बिचारीला काहून छळायचं. हेही खरं नाही पूर्ण. मला आवडायचं ते. गळ्याशी आलेली तिची बोटं, त्यांना येणारा कांद्याचा आणि खोबरेल तेलाचा वास. थांब म्हटलं असतं तर तो वास एक हात लांब राहिला असता. आता काय करता? आता केदारच्या बोटांना साबणाचा वास येतो.

गेलीही तशीच. सकाळी चहा ठेवायला आत गेली, मी पेपर उघडून बसलो होतो. भांड्याचा आवाज आला नाही, काही पडलं नाही. फार वेळ चहा येईना तेव्हा मी उठलो, काठी घेतली, भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलो. ओट्याला टेकून ती जमिनीवर बसली होती, पदर नीट, मान जरा बाजूला. गॅस बंद होता. छातीत कळ आली असेल त्या तेवढ्या वेळातही तिनं बटण फिरवलं होतं. चहा पातेल्यात वर येऊन खाली बसला होता, उतू गेला नव्हता. मी तिला हाक मारली, आवाज निघाला नाही. खाली वाकून तिचा हात धरायचा तर उजवा हात उघडेना, आणि डावा काठीवर. काठी सोडली असती तर तिच्या अंगावर पडलो असतो. म्हणून शेजारची मंजुषा येईपर्यंत मी नुसता उभा होतो.

घाटावर गर्दी होती. वर्धेला पाणी बरंच होतं, पायऱ्या खालपर्यंत बुडलेल्या. आमच्या पलीकडे आणखी एका घरचं चाललं होतं. गौरांगनं सगळं मांडून ठेवलं होतं, दर्भ, तीळ, पिंड. केदारनं माझा सदरा काढला, उपरणं पांघरलं, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, मला पाटावर बसवलं. त्याचं सगळं व्यवस्थित झालं. गौरांगचा आवाज खणखणीत आहे, मंत्र स्वच्छ म्हणतो, माझं व्याकरण वाया गेलं नाही. केदारनं तिलांजली दिली. मग गौरांग माझ्याकडे वळला, जरा वाकून बोलला. ‘सर, तुम्ही फक्त दादाच्या हाताला हात लावा. ते सोडतील पाणी. लगेच होऊन जाईल, मला पुढे तिवशालाही जायचं आहे.’ केदार सरसावला. त्यानं एका हाताची ओंजळ धरली, दुसऱ्या हातानं माझी मिटलेली मूठ उचलली आणि स्वतःच्या मनगटावर टेकवली. गौरांगनं तांब्या कलता केला.

‘थां,’ मी म्हणालो.

‘काय, बाबा?’

‘थांब.’

दोघंही थांबले. केदारला वाटलं मला काही होतंय. मी मूठ त्याच्या मनगटावरून काढून घेतली, डाव्या हातानं मांडीवर ठेवली. मनगट खाली सोडलं. केदारचा हात पुन्हा पुढे आला, मदतीला, प्रेमानंच. ‘थांब!’ मी इतक्या जोरात म्हणालो की पलीकडच्या घरची माणसं वळून बघायला लागली. केदार दचकून मागे सरला. मला वाटलं त्याला लागलं असेल, पोराला कधी मी असा ओरडलो नाही. पण तो माझ्या समोर खाली बसला, ओल्या पायरीवर, आणि काय करावं न सुचून त्यानं आपले दोन्ही हात मांडीखाली घातले. तळवे खाली. त्यांच्यावर बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

मी खाली बघितलं. अंगठा मुळापासून. जोर नाही लावायचा. घाम नाकावर आला. तिवशाचं गौरांगच्या मनात असणारच, पण तो तांब्या तसाच धरून उभा राहिला. मैथिली वरच्या पायरीवर तोंडाला पदर लावून होती. अंगठा हलला. मग तर्जनी, मग तिच्या मागे बाकीची, नाखुशीनं, कित्येक महिन्यांत उन्हाला न आलेली बोटं. तळहात पांढराफटक पडला होता आणि त्याला कुबट वास येत होता. ओंजळ कसली, नुसता खळगा. पण गौरांगनं त्यात तीळ ठेवले आणि पाणी सोडलं, आणि त्यातलं थोडं राहिलं. मी हात पिंडावर नेला. अंगठ्याच्या बाजूनं कलता करायचा होता, तो तिकडे वळला नाही. पाणी बोटांच्या टोकांवरून गेलं, देवांना देतात तसं. मी गौरांगकडे पाहिलं.

‘पोचलं, सर,’ तो म्हणाला. ‘आज आपण उरकायचं नाही.’

हात उघडा होता. दोन-तीन तीळ तळव्याला चिकटलेले. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मला आनंद व्हायला पाहिजे होता, झालाही असेल क्षणभर. पण मग कळलं. हा हात उघडत होता. मेलेला नव्हताच तो. ती समोर बसली होती, हात मांडीखाली दाबून, डोळ्यांत पाणी घेऊन, ते अर्धं बटण बघत, आणि मी एक शब्द बोललो असतो तर तिनं हे पाहिलं असतं. मी तिला संत्रं सोलून दिलं असतं. सगळी साल खाली सांडवून, फोडी चेंदून, पण दिलं असतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात मला तुझा हात धरता आला असता, कुंदे. मी रडायला लागलो. रडणं मात्र मला लवकर येतं, त्याला जीभ लागत नाही. नाक, डोळे, हनुवटी, सगळं वाहायला लागलं आणि मी ते पुसायला तोच उजवा हात उचलायला गेलो, तो मधेच अडला.

तेवढ्यात केदारचे हात सुटले. उपरण्याचं टोक त्याच्या बोटांत कधी आलं कळलं नाही, एका फटक्यात डोळे, गाल, नाक पुसून झालं आणि टोक पुन्हा माझ्या खांद्यावर होतं. हुबेहूब आईसारखं. मला पुन्हा थांब म्हणता आलं असतं, जीभ आता मोकळी झाली होती. मी म्हटलं नाही.